भुंकण्याचं रजिस्टर

सोम. ३ नोव्हें.
शिरूरला पोचलो १२.४०. एसटी पंचवीस मिनिटं लेट. कंडक्टरला कारण विचारलं, त्यानं खांदे उडवले. चौतीस वर्षं मालगाडीवर गार्ड होतो, एका मिनिटाचंही कारण लिहिल्याशिवाय सुटका नव्हती. यांचं खांद्यावर भागतं.

कमल, म्हणजे आमची ही, सकाळी कासुर्डीला गेली, मनीषाच्या बाळंतपणाला. लेकीचं दुसरं, म्हणून सासरीच. दौंडच्या घरात मला एकट्याला ठेवायला ही तयार नाही. दोनदा दूध उतू गेलं, एकदा गॅस चालू राहिला, एवढंच. त्यामुळे घराला कुलूप आणि माझी बदली इथे लेकाकडे, संतोषकडे, दीड महिना. सामान: एक बॅग, एक पिंजरा. पिंजऱ्यात पिठ्या, म्हणजे हिचा ससा. पांढरा, पाच वर्षांचा, कवडीच्या उपयोगाचा नाही. निघताना मला "गोळ्या घ्या" एवढंच. त्याच्याशी पाच मिनिटं बोलत होती. मग माझ्याकडे वळून, "ह्याला काय झालं ना, तर मी कासुर्डीलाच ऱ्हाईन. सांगून ठिवते."

पस्तीस वर्षं संसार करून माझा नंबर सशाच्या खालोखाल.

संतोषकडे कुत्रं आहे हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. "टायगर गरीब हाय" असं हिचं म्हणणं.

मंगळ. ४
गरीब!
रांजणगावला कंपनीच्या गेटवर सापडलेलं गावठी पिल्लू, संतोषनं शिफ्टवरून येताना जॅकेटात घालून आणलं. आता दोन वर्षांचं धूड. नाव वाघाचं, छाती चिमणीची. कुकरच्या शिट्टीला भुंकतो. दूधवाल्याला भुंकतो. उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला की त्याला. मी खोकलो तरी भुंकतो. पिठ्या पिंजऱ्याच्या कोपऱ्यात, कान पाठीला चिकटलेले. मधूनच मागचा पाय आपटतो, धप्प. लसूणघास टाकला, तोंड लावलं नाही.

कुत्र्यावर ओरडलो. ते जास्त भुंकलं. मी आणखी ओरडलो. अश्विनी (सून) मशीनवरून बघत होती. घरी ब्लाऊज शिवते. तोंडात सदा टाचण्या, त्यामुळे बोलायचा प्रश्न येत नाही.

बुध. ५
सकाळी पिंजरा झाडला. लेंड्या अकरा. दौंडला सुपलीभर निघायच्या, हीच झाडायची. अकरा मोजायला मला चष्माही लागला नाही.

संध्याकाळी हिचा फोन. मी मनीषाचं विचारायच्या आधी, "खाल्लं का त्यानं?"
"खाल्लं."
"लेंड्या?"
"भरपूर."
खोटं बोललो. सशाच्या लेंड्यांबद्दल बायकोशी खोटं बोलायची वेळ यावी, आणि तीही पेन्शनीत.

शेजारी एक आप्पा आहेत, ऊसवाले. कुंपणावरून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की भुंकत. बिबट्याचं दिस हायती. आवाज पायजेच." बिबट्या आला तर हे कुत्रं माझ्या पलंगाखाली पहिलं शिरेल. आप्पा दुसरे.

शुक्र. ७
लेंड्या तीन. बारीक, मिरीएवढ्या. ससा गोळा होऊन बसलेला, दात करकर चावतो.
संतोषनं गाडीवर डॉक्टरकडे नेलं. मी मागे, मांडीवर पिंजरा. डॉक्टर गाई-म्हशींचा. आमच्या आधी एक कालवड होती. माझा नंबर आल्यावर म्हणाला, "ससा?" आणि कालवडवाला हसला. मी म्हटलं, हसायला काय झालं, तुझी कालवड काय संस्कृत बोलते का?

डॉक्टरनं पोट चाचपलं. मग हसणं बंद. "काका, सशानं दिवसभर खाल्लं नाही तर त्याचं आतडं थांबतं. एकदा थांबलं की औषधाला फार जागा राहत नाही. हा भ्यालाय. भीती काढा, आवाज काढा, लपायला जागा द्या." एक औषध दिलं. घास वाटून सिरिंजनं तोंडात घालायला सांगितला, दर तीन तासांनी.
म्हणजे मरू शकतो. भुंकण्यानं. भीतीनं मरणारा प्राणी बायकोनं पाळला आणि सांभाळायला मला दिला.

येताना संतोष म्हणाला, "कुत्रं काही दिवस मित्राकडं ठेवू का?" हो म्हणणार होतो. घरी अश्विनी पहिल्यांदा टाचण्या काढून बोलली. "त्याचंबी घर हाय हे. दोघांचं जमतंय का ते बगू की आदी."
कुत्र्याचं घर. बरं.

शनि. ८
सूनबाईंची योजना. लिहून ठेवतो, पुढे फसल्यावर कामी येईल.

कूलरचा खोका घेतला, त्याला दोन भोकं पाडली. एक पुरे म्हटलं तर, "एक दार आसलं की कोंडल्यासारखं वाटतं. दोन आसली की पळता येतं." खोका कुठे, तर तिच्या मशीनखाली. त्या खडखडाटात! मी बजावलं की कुत्र्याआधी मशीनच्या आवाजानंच ससा मरेल. मधल्या दारात कोंबड्यांची जुनी जाळी आडवी लावली. कुत्र्याच्या गळ्यात दोरी. आणि ते गप्प बसलं की दर वेळी एक शेंगदाणा. गप्प बसायचा पगार! मी आयुष्यभर गप्प बसलो असतो तर आज शेंगांचं गोदाम असतं.

सगळ्यात भारी म्हणजे गोणपाटं. कुत्र्याच्या खालचं सशाजवळ, सशाच्या खालचं कुत्र्याजवळ. तिचे वडील शेळ्या पाळतात. "आई मेलेलं करडू दुसऱ्या शेळीला लावायचं तर आमचं आण्णा आदी आसंच करत्यात. वास वळखीचा झाला की ती ढुशी मारत न्हाई." शेळीशास्त्र!

रवि. ९
कुत्र्याचं गोणपाट मीच ठेवलं. कामाला वेळ लावत नाही मी, सरळ खोक्यातच अंथरलं. पिठ्या खोक्यात जाईना. दिवसभर भिंतीला चिकटून. संध्याकाळी अश्विनीनं न बोलता गोणपाट काढून जाळीजवळ टाकलं, खोक्यापासून लांब. तासाभरात आत गेला.
लपायच्या जागेतच शत्रूचा वास ठेवला होता मी. हे मला कुणी सांगायला नको. सांगितलंही नाही कुणी.

सिरिंज: दोनदा तोंडात, एकदा माझ्या शर्टावर.

सोम. १०
इथे कुणाला कशाचा हिशेब नाही. "लई भुंकला", "कमी भुंकला" अशी यांची मापं. मी जुनी वही काढली आणि रीतसर रजिस्टर सुरू केलं, ड्यूटीवर जर्नल लिहायचो तसं. रकाने: वेळ, मिनिटं, कारण. पाय आपटला तर त्याचीही वेळ.
गाडी थांबली की मिनिटं कुणाच्या तरी नावावर टाकायची असतात. इंजिन, सिग्नल, कंट्रोल, स्टेशन. यात गार्डनं झोपायचं नसतं, नाहीतर सगळे मिळून त्याच्याच नावावर टाकतात. चौतीस वर्षांत मी कारणाच्या रकान्यात 'गार्ड' हा शब्द एकदाही लिहिला नाही. लिहू दिला नाही.

आजचा हिशेब: भुं. चौदा वेळा, एकूण एकेचाळीस मि. कारण: कुत्रा.

बुध. १२
लें. एकोणीस. घासाची पानं स्वतः खाल्ली. औषधाचा गुण. शेळीशास्त्राचा असायची शक्यता नाही.

अश्विनीनं रजिस्टर चाळलं, न विचारता. "मामा, कारणात समदीकडं कुत्रा लिवलंय."
"मग कोण भुंकलं? मी?"
तिनं रकान्यावर बोट ठेवलं. "कुत्रा भुंकला व्हय. पर कशाला भुंकला, ते कारण ना?"
मला, जर्नल शिकवते. मला! दारावर काठी आपटून सांगितलं की माझ्या वहीला हात लावायचा नाही.
१०.१५, पाय आपटणे. १०.१५, भुं. सहा मि.

शुक्र. १४
तिचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं, म्हणून कारणं सुधारली. दूधवाला २ मि. कुकर १ मि. ट्रॅक्टर ३ मि. पण निम्म्याहून जास्त नोंदींना कारणच नाही. घरात कुणी आलेलं नाही, रस्ता रिकामा, मी पेपर वाचतोय किंवा संतोषला फोनवर समजावतोय, आणि अचानक धप्प, मग भुं.
अज्ञात. हा शब्द मला आवडत नाही. अज्ञात म्हणजे कुणीतरी लपवतंय.

एक मात्र दिसलं. या अज्ञातात क्रम उलटा आहे. आधी ससा पाय आपटतो, मग कुत्रं भुंकतं. म्हणजे चिथावणी सशाची! इतके दिवस हा गरीब आणि ते दुष्ट समजत होतो. दोघेही सामील.
अश्विनीला दाखवलं. तिनं मान हलवली. "व्हय. पिठ्याला आदी कळतं." काय कळतं ते नाही सांगितलं, टाचण्या तोंडात गेल्या.

रवि. १६
संतोषला सुट्टी. मोबाईल घेऊन लोळत होता. त्याला तासभर समजावलं, की गाडीचा हप्ता, घराचं रंगकाम, पोराची जात एवढी लोळत नसते. भुं. नऊ वेळा. आजचा दिवस खराब. लें. बारा.
फोनवर "छान चाललंय."

मंगळ. १८
आज जे झालं ते नीट लिहितो.

दुपारी झोप लागली होती. उठून बाहेरच्या खोलीत आलो. मशीन चालू, अश्विनी पाठमोरी. जाळीच्या पलीकडे कुत्रं पाय पसरून पडलेलं, अलीकडे पिठ्या. एका कुशीवर, चारही पाय ताणलेले, डोळे अर्धे मिटलेले. जाळीला लागून, कुत्र्याच्या नाकापासून हातभर.
मेला.
हिचा चेहरा डोळ्यांसमोर आला. आणि मी ओरडलो, "मेला! मारला! कुत्र्यानं मारला!"
मेलेला ससा हवेत उडाला आणि खोक्यात गेला. कुत्रं बारा मि. भुंकलं. अश्विनीनं कपाळाला हात लावला. "आवो मामा, झोपला होता तो! पयल्यांदा! बिनघोर आसला की ससे आसं आडवं पडत्यात."
पाच वर्षं घरात ससा. मी त्याला आडवा पडलेला कधी पाहिला नव्हता. मला कसं माहीत असणार?
२.५० भुं. १२ मि. कारण: गैरसमज. (कुणाचा, ते लिहिलं नाही.)

बुध. १९
हयातीच्या दाखल्यासाठी दौंडला. बँकेत जिवंत असल्याचा पुरावा द्यायला दोन तास उभा राहिलो, तेवढ्यात गेलो असतो तर त्यांची सोय झाली असती.
सकाळी ७.०५ ला निघताना रजिस्टर अश्विनीकडे दिलं. सगळं लिही, म्हटलं, सबबी नकोत. परत आलो ५.५०.

पानावर दोनच नोंदी. अक्षर सुवाच्य.
७.०५. पाय आपटणे, भुं. ३ मि.
५.५०. पाय आपटणे, भुं. ४ मि.
कारणाचा रकाना दोन्हीकडे कोरा. मधले पावणेअकरा तास काही नाही. ड्यूटीवर झोपणाऱ्याचं जर्नल असंच स्वच्छ असतं.
"कारण का नाही भरलं?"
"तुमचं रजिस्टर हाय. तुमीच भरा."
उद्धट.

गुरु. २०
लें. त्रेपन्न! दौंडला गेलो त्या दिवसाच्या. मुद्दाम कुठूनतरी आणून टाकल्या असतील असंही वाटून गेलं. मग माझीच मला कीव आली. सशाच्या लेंड्या कोण कुठून आणणार?

शनि. २२
अचानक तपासणी. साहेब लोक करायचे तशी.
सांगितलं की इनामगावला जुन्या सहकाऱ्याकडे जातोय, संध्याकाळी येईन. स्टँडवर पेपर वाचत बसलो, दोन चहा. एक गोड, एक त्याहून गोड. १०.५५ ला परत. आप्पांच्या बाजूनं, कुंपणाजवळून, खिडकीशी. आप्पा बघत होते. या वयात लेकाच्या घरात डोकावताना सापडलो. तोंडावर बोट ठेवलं.

आत: मशीन चालू. रेडिओ चालू. कुकरची शिट्टी झाली, कुत्र्यानं नुसती मान उचलली, शेंगदाणा खाल्ला, मान खाली. जाळी काढून ठेवलेली. पिठ्या खोक्याबाहेर, अख्ख्या खोलीत हिंडत होता. एकदा उडी मारून हवेतच गिरकी घेतली. मग टायगरच्या पाठीजवळ जाऊन हुंगलं, आणि अश्विनीच्या पायाजवळ आडवा पडला. मशीनच्या पायडलला लागून. अश्विनी काहीतरी गुणगुणत होती. ही गाते हेही मला माहीत नव्हतं.
वीस मिनिटं उभा होतो. घड्याळावर. भुं. शून्य.

मग फाटकाकडे वळलो. कडी काढली, नेहमीसारखी. तोंडातून चकार शब्द नाही, शप्पथ. फक्त कडी वाजली आणि चपला.
११.१६, धप्प. आतून, भिंतीतून ऐकू आलं मला.
११.१६, भुं.
दार उघडलं तेव्हा जमीन रिकामी. ससा खोक्यात, कुत्रं ताठ उभं. रेडिओ बंद, अश्विनीच्या तोंडात टाचण्या.

जेवलो नाही.

सोम. २४
दोन दिवस रजिस्टर उघडलं नाही.
आज हिचा फोन. नेहमीचं झाल्यावर मीच विचारलं, दौंडच्या घरात पिठ्या दिवसा कुठे असायचा.
"कुटं म्हंजी? समद्या घरभर. माझ्या मागं मागं. भांडी घासताना पायात."
"मी कधी बघितला नाही."
"तुमी कसं बगणार? तुमी ड्यूटीला, लाईनवर आसला तवाच हिंडायचा. दारात तुमच्या गाडीचा आवाज आला की पलंगाखाली." आणि हसली. सहज. जसं काय ऊन पडल्यावर सावली येते. "मीबी रेडिओ बंद करायचे."
फोन ठेवला. मी तिला कधी मारलं नाही, खर्चाला कमी केलं नाही, दारूचा थेंब नाही. ही माझी बाजू. रेडिओबद्दल मला कुणी कधी काही सांगितलं नाही.

मंगळ. २५
अश्विनीला विचारलं, तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?
"दुसऱ्या दिवसापास्नं."
"मग सांगायचं होतंस."
"सांगितलं आस्तं तर वरडला आसता, मामा. मग परत त्यो खायाचा राह्यला आसता." हे सगळं हळू आवाजात, टाका घालत. रागानं नाही. तिला राग आला असता तर मला बरं पडलं असतं, रागाला उत्तर येतं मला.
संतोष दाराशी उभा होता. तेहतीस वर्षांचा बाप्या, कंपनीत हाताखाली वीस माणसं. माझ्या नजरेला नजर देत नव्हता. लहानपणी हा कुठे लपायचा, ते आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही. मी लाईनवरून आलो की घर शांत असायचं, आणि मला वाटायचं शिस्त आहे.

गुरु. २७
मनीषाला मुलगी झाली. दोघी ठीक. संतोषनं पेढे आणले.
ही पंधरा दिवसांनी येईल. म्हणाली, "पिठ्याला तिथंच ठिवायचा का अश्विनीकडं? करमलं आसंल त्याला."
मी म्हटलं, तू येऊन ठरव. मग म्हणाली, "आवाज बारीक झालाय तुमचा. बरं न्हाई का?"
बरं आहे म्हटलं.

पेढा तसाच वाटीत ठेवला. राग कुणाचा येतोय ते कळत नाही. कुत्र्याचा येत नाही. ते बिचारं फक्त सिग्नल पुढे देत होतं. कुत्र्याला बिचारं लिहिलं. काय दिवस आले.

शुक्र. २८
रजिस्टर उघडलं. एकोणीस तारखेचे दोन कोरे रकाने भरले. दोन्हीकडे एकच शब्द. मग मागे जाऊन सगळे 'अज्ञात' खोडले आणि तोच शब्द लिहिला. एकवीस वेळा. 'गैरसमज' खोडून तिथेही. शेवटी शेवटी अक्षर बिघडलं.

संध्याकाळी फिरून आलो तेव्हा फाटकाची कडी बोटानं उचलली, वाजू दिली नाही. चपला बाहेर काढून हातात घेतल्या. आप्पांनी कुंपणावरून विचारलं, "चोरी कराया निगाला का?" त्यांना उत्तर तयार होतं, चांगलं झोंबलं असतं. गिळलं.
आत गेलो. टायगर उठला, माझ्याकडे पाहिलं, अश्विनीकडे पाहिलं. भुंकला नाही. मी खिशातला शेंगदाणा दिला. घेतला, हरामखोरानं. हात चाटला.
पिठ्या खोक्यात. खोक्यापुढे जमिनीवर बसलो. या गुडघ्यांनी खाली बसणं म्हणजे काय ते मलाच माहीत. लसूणघासाची काडी भोकापुढे धरली. रेडिओ चालू होता, अश्विनीनं बंद करायला हात नेला. मी मानेनंच नको म्हटलं.
आतून दोन डोळे दिसत होते. चाळीस मिनिटं काडी धरली, हात बदलून बदलून. नाक पुढे आलं, एकदा मागे गेलं, पुन्हा आलं. तेवढ्यात संतोष घरात शिरला आणि बूट दारातच, मधोमध. तोंड उघडलं माझं. बंद केलं. पण उघडलेलं त्याला दिसलं असावं.

६.१०. पाय आपटणे: १.
६.५०. पाय आपटणे: १.
भुं.: नाही.
काडी: हातातच.
कारण: गार्ड.